झाकणारा रंग आणि दाखविणारा रंग

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीवर लिहिणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रांतात शिरण्याऐवजी मी एका वेगळ्याच विषयावर लिहिण्याचे ठरविले. चित्रात वापरल्या जाणाऱ्या रंगांचे दोन स्वभाव असतात. काही रंग आपल्या खालचे झाकतात, काही खालचे दाखवितात. पहिल्यांना अपारदर्शक व दुसऱ्यांना पारदर्शक म्हणतात. या भेदाचा आपल्या अजिंठा-वेरूळच्या भिंतींशी, आपल्या पोथ्यांशी आणि आपल्या मंदिरात कार्तिकी पौर्णिमेला लागणाऱ्या एका जुन्या पटाशी जवळचा संबंध आहे. मी चित्रकार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि शहागंजातील कापडाचा व्यापारी आहे. परंतु या विषयाच्या शिक्षणाची फी मी भरलेली आहे. ती कशी भरली, हे लेखाच्या ओघात येईलच.

आरंभ कापडापासून करतो, कारण तेच मला कळते. सकाळी स्नान करून पूजेचे पांढरे सुती धोतर नेसले आणि ते पाण्याने भिजले, तर भिजलेल्या जागी अंग दिसू लागते. वाळले की पुन्हा दिसेनासे होते. हा अनुभव सर्वांचा आहे. त्याचे कारण मात्र मला पन्नाशीनंतर कळले. कापसाचा धुतलेला तंतू स्वतः पांढरा नसतो. तो जवळजवळ बिनरंगी असतो. तंतू आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा यांच्या सीमेवर प्रकाश दरवेळी वळतो आणि त्याचा थोडा अंश मागे परततो. अशा असंख्य सीमांवरून परतलेला प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा पांढरेपणा होय. पदार्थाच्या या प्रकाश वळविण्याच्या शक्तीला शास्त्रात अपवर्तनांक म्हणतात. हवेचा तो १ धरावा, पाण्याचा १.३३ आणि कापसाच्या तंतूचा साधारण १.५५. हवा जाऊन तिच्या जागी पाणी आले की तंतू व पाणी यांतील अंतर कमी होते, प्रकाश मागे न परतता आरपार जातो आणि कापड झिरझिरीत दिसते.

रंगाचेही अगदी असेच आहे. रंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा डिंक, सरस किंवा तेल. खडूचा अपवर्तनांक सुमारे १.६ आहे. तो डिंकाच्या पातळ पाण्यात कालवून लावला, तर ओला असताना फिका, जवळजवळ न दिसणारा असतो. पाणी उडून कणांमध्ये हवा शिरली की लख्ख पांढरा होतो. भिंतीला चुना देणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. तोच खडू जवसाच्या तेलात, म्हणजे सुमारे १.४८ च्या पदार्थात घोटला, तर वाळल्यावरही मळकट आणि अर्धपारदर्शक राहतो, कारण तेल उडून जात नाही. शिशाचा सफेदा तेलातही झाकतो, कारण त्याचा अंक २ च्या आसपास आहे. आज आपल्या घरांना लागणाऱ्या पांढऱ्या ऑइलपेंटात टिटॅनियमचा सफेदा असतो. त्याचा अंक सुमारे २.७ असल्यामुळे एक-दोन हातांत खालची भिंत नाहीशी होते. म्हणजे पारदर्शक किंवा अपारदर्शक असणे हा एकट्या रंगद्रव्याचा गुण नाही. तो रंगद्रव्य आणि त्याला भिजविणारा पदार्थ यांच्या जोडीचा गुण आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे पटाच्या प्रकरणात ते लागेल.

आपल्या शहरातील गुलमंडीजवळच्या रंगारगल्लीच्या नावात कापड रंगविण्याचा धंदा अजून जिवंत आहे. रंगारी कापड रंगवितो, तेव्हा रंग तंतूच्या आत जातो. हा दाखविणारा रंग. तांबड्या कापडावर निळा चढविला तर जांभळा मिळतो. त्याच तांबड्यावर पिवळा चढवून पिवळे कापड कोणी करू शकत नाही. काळ्या लुगड्यावर पांढरी बुट्टी हवी असेल, तर खडीची छपाई करावी लागते. त्यात पांढरी पूड चिकट खळीत कालवून ठशाने कापडाच्या वर बसवितात. हा झाकणारा रंग. तो हाताला लागतो, धुण्यात झडतो, पण काळ्यावर पांढरे दाखवितो. चित्रकारापुढेही हेच दोन मार्ग असतात. पारदर्शक रंगाने काम करणाऱ्याचा उजेड कागदातून येतो. म्हणून त्याला पांढरी जागा आधीच राखून ठेवावी लागते आणि चूक झाली तर ती लपत नाही. अपारदर्शक रंगाने काम करणारा उजेड शेवटी वरून ठेवू शकतो आणि चूकही झाकू शकतो.

आता अजिंठ्याकडे वळू. इ.स. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत आला आणि ही लेणी जगाच्या नजरेस आली, हे आपण शाळेत वाचले आहे. तेथील ३० लेण्यांपैकी ९ व १० क्रमांकांची लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. १, २, १६ व १७ क्रमांकांच्या लेण्यांतील प्रसिद्ध चित्रे मात्र वाकाटकांच्या काळातील, पाचव्या शतकाची आहेत. ही सर्व लेणी बौद्धांची आहेत. परंतु ज्या भूमीत आपण राहतो, तिची चित्रविद्या तेथे जितकी पाहायला मिळते तितकी अन्यत्र नाही.

तेथील कारागिरांनी खडबडीत कातळावर प्रथम मातीचा गिलावा दिला. त्यात भाताची टरफले, गवत व वनस्पतींचे तंतू घातले. त्यावर पांढरा पातळ लेप दिला आणि तो वाळल्यावर चित्र काढले. युरोपात ओल्या चुन्यावर रंग देण्याची जी रीत आहे, ती ही नव्हे. रंग सरसासारख्या बंधकाने धरलेले आहेत. तांबडी काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढऱ्यासाठी चुना, जिप्सम व पांढरी शाडू, अशी ही साधी सामग्री. बहुतेक सर्व याच डोंगरपट्ट्यात मिळणारी. अपवाद एका निळ्याचा. तो राजावर्त नावाच्या दगडाचा असून अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेला आहे. इतक्या लांबून दगड आणून तो कुटून भिंतीवर लावणाऱ्यांना तो कोणत्या भावाने पडला असेल, हा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात प्रथम येतो.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या नकला करविल्या. भिंतीसमोर बसून नकला करणाऱ्यांनी कामाची जी पद्धत नोंदविली आहे, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पांढऱ्या लेपावर प्रथम तांबड्या रेषेने ठसठशीत रेखाटन होई. त्यावर हिरव्या मातीचा इतका पातळ हात देत की खालची तांबडी रेषा त्यातून दिसत राही. मग अंग, वस्त्र, केस यांचे झाकणारे रंग भरीत आणि शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेषेने आकार पुन्हा पक्का करीत. म्हणजे आधी दाखविणारा रंग, मग झाकणारा. हिरवी माती हे मुळातच दुर्बळ झाकणीचे रंगद्रव्य आहे, आणि कारागिराने तिच्या दुर्बळतेचाच उपयोग करून घेतला. नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, हनुवटीवर पांढऱ्याचा जो लहानसा फटकारा दिसतो, तो सर्वांत शेवटचा आणि पूर्ण अपारदर्शक.

व्यापाऱ्याची नजर मात्र तेथील वस्त्रांवर खिळते. पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची जाड वस्त्रे आहेतच. परंतु काही आकृतींच्या अंगावरील मलमल इतकी तलम आहे की ती केवळ काठाच्या आणि चुण्यांच्या रेषांवरून कळते. मलमल रंगविण्यासाठी त्यांनी पारदर्शक रंग शोधत बसण्याऐवजी आधी संपूर्ण अंग जाड रंगाने भरले आणि त्यावर अगदी विरळ पांढऱ्याने, कोठे नुसत्या ओळींनी, कापड सुचविले. चाळीस वर्षे मी ग्राहकापुढे मलमलीचा पदर हातावर पसरून तिची तलमता दाखवीत आलो आहे. खाली हात असल्याशिवाय तलमता दिसत नाही, हे त्या कारागिरांना पंधराशे वर्षांपूर्वी माहीत होते.

या चित्रांच्या नकलांचे दैव विलक्षण आहे. ग्रिफिथ्सच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर अनेक वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या तैलनकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या अनेक नकलाही १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत गेल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा आदी तरुणांनी आणि हैदराबादच्या सय्यद अहमद यांनी पुन्हा नकला केल्या. एक गोष्ट माझ्या मते नीट बोलली जात नाही. अजिंठ्याची भिंत मंद, कोरडी, न चमकणारी आहे. तिची तेलात नकल केली की कोरड्याचे ओले होते. सावल्या खोल जातात, पांढरे उबदार होते. तैलनकला पाहून अजिंठ्याचे मत बनविणाऱ्याने ओल्या धोतरावरून कापडाची परीक्षा केली, असेच म्हणावे लागेल.

नकलांपर्यंत ठीक होते. परंतु चित्रे उजळ दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ भिंतीवरच वॉर्निश फिरविले गेले. त्यानंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, ज्याचे प्रमुख गुलाम यझदानी होते, लोरेंझो चेक्कोनी हे इटालियन तज्ज्ञ व त्यांचे साहाय्यक ओर्सिनी यांना बोलाविले. १९२० ते १९२२ या दरम्यान त्यांनी सुटत आलेला गिलावा कातळाला पुन्हा धरविला. हे त्यांचे उपकार मोठे. ते झाले नसते तर आज कित्येक चित्रे जमिनीवर असती. पण त्यांनीही रंगावर चपडा लाखेचा लेप दिला. लावताना लाख काचेसारखी स्वच्छ होती. वर्षांमागून वर्षे गेली, तशी ती पिवळी, मग तपकिरी झाली. तिच्यावर धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण बसली. पारदर्शक म्हणून लावलेला थरच पडदा झाला. राजावर्ताचा निळा त्याखाली हिरवट दिसू लागला. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी दशकानुदशके तो थर बोटाबोटाने उतरविण्याचे काम केले. स्वच्छ केलेला तुकडा आणि शेजारचा काळवंडलेला तुकडा ज्यांनी एकत्र पाहिला असेल, त्यांना अधिक सांगणे नको.

वेरूळ आपल्याला अधिक जवळचे. अंतरानेही आणि नात्यानेही. ३० ते ३४ क्रमांकांची आपली लेणी राष्ट्रकूटांच्या काळातील, नवव्या-दहाव्या शतकांची. इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर मूर्तींपुढे हात जोडून आपण परततो. मान वर करून छताकडे फारसे कोणी पाहत नाही. तेथे ढगांतून विहरणाऱ्या आकृतींच्या चित्रांचे अवशेष आहेत. कैलासाला जुने लोक ‘रंगमहाल’ म्हणत, ते त्यावरील रंगकामामुळेच, आणि तेथील छतांवर चित्रांचे एकावर एक थर ओळखता येतात. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे एम. आर. सिंग आणि आपल्याच विद्यापीठातील एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. तंतू कोणता निवडावा यावर माल किती टिकेल हे ठरते, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

वेरूळच्या चित्रांतील टोकदार नाक आणि गालाच्या कडेबाहेर डोकावणारा पलीकडचा डोळा, हीच लकब पुढे पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या पोथ्यांत ठळक झाली, असे अभ्यासक मानतात. आरंभीच्या पोथ्या ताडपत्राच्या. चौदाव्या शतकापासून कागद रूढ झाला. त्यांची पार्श्वभूमी आधी हिंगुळाची तांबडी, पंधराव्या शतकात राजावर्ताची निळी, आणि मग सोने. हे सर्व झाकणारे रंग आहेत. छायाप्रकाशाच्या भानगडीत ते पडत नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रासाठी ‘वज्रलेप’ सांगितला आहे. तो म्हशीचे कातडे उकळून केलेला सरस. आपल्या पोथ्यांत झाडाचा डिंक वापरल्याचे वाचले, तेव्हा मला बरे वाटले, हे लपवीत नाही.

या संदर्भात एका पिवळ्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पिउरी नावाचा एक तेजस्वी, पारदर्शक पिवळा रंग भारतातून युरोपात जात असे. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला कळविले की, बिहारातील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी गायींना केवळ आंब्याची पाने व पाणी देऊन, त्यांचे मूत्र आटवून हा रंग करतात, आणि त्या गायी अगदी खंगलेल्या असतात. पुढे अनेकांनी ही हकीकत खोटी ठरविण्याचा प्रयत्न केला. अलीकडच्या रासायनिक परीक्षणांनी मात्र तिला दुजोरा दिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो रंग बाजारातून गेला. गेला ते चांगले झाले.

पारदर्शक जलरंगाचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध नमुना मात्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२ ते १९६८) यांचे, समई हाती घेतलेल्या स्त्रीचे ते चित्र. हातातील ज्योत दुसऱ्या हाताने जपणारी ती स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र अनेक जण राजा रविवर्म्याचे समजतात, हा हळदणकरांवर अन्याय आहे. रविवर्म्याचे १९०६ मध्येच निधन झाले होते. बोटांच्या कडांतून पाझरणारा तांबूस उजेड पाहिला की तो वरून ठेवलेला वाटतो. वस्तुतः तो खालच्या कोऱ्या कागदाचा आहे. भोवतीचा अंधार थरावर थर देऊन वाढवत नेला आणि बोटांपाशी हात आखडला. राखून ठेवलेला तेवढा कागद म्हणजे ती ज्योत.

आता पटाकडे येतो. चातुर्मासानंतर कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि ज्यांना पालीताण्यास जाणे शक्य नाही, ते गावोगावी शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन घेतात. आमच्या आजोबांनी तिकडून आणलेला कापडी पट दरवर्षी आपल्या मंदिरात लागे. हिरवा-करडा डोंगर, त्यावर शुभ्र शिखरांची गर्दी आणि पायऱ्यांवरून चढणारे पांढऱ्या वस्त्रांतील यात्रेकरू. १९८६ मध्ये मी पंचविशीत होतो, दुकानात नुकताच रुळलो होतो आणि सर्व काही सुधारावे असे वाटण्याचे ते वय होते. पट निस्तेज दिसतो, म्हणून पौर्णिमेच्या चार दिवस आधी दुकानाची पाटी रंगविणाऱ्याकडून त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात मारून घेतला. काकाजींना विचारले नाही. पहिल्या तासाभरात डोंगर आणि तांबडे ध्वज असे खुलले की मी स्वतःवर खूष झालो. सायंकाळी पाहतो तो शिखरे नव्हती. यात्रेकरूंच्या जागी मळक्या कापडाचे डाग होते. पांढरा तेवढा गेला होता. काकाजींनी पट पाहिला, गुंडाळला आणि त्या वर्षी मंदिरात छापील चित्र लागले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या हयातीत हा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पांढरा गेला कोठे, हे पुष्कळ वर्षांनी संग्रहालयात काम केलेल्या एका जाणकार बाईंनी भिंगातून पट तपासून सांगितले. तो खडीचा, डिंकाच्या थोड्याशा पाण्यात कालवलेला पांढरा होता. त्याच्या कणांमधील हवेत वॉर्निश शिरले. खडू जेथे होता तेथेच आजही आहे, पण कायमचा ओला आहे. ओले धोतर, एवढाच त्याचा अर्थ. वॉर्निश उतरविण्याच्या प्रयत्नात डिंकाने धरलेला रंगही हलू शकतो, म्हणून घाईने हात लावू नये, असे त्यांनी बजावले.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा पट नव्याने रंगवून घ्यावा, शिखरांवर चांगला अॅक्रिलिकचा पांढरा द्यावा, अशी सूचना विश्वस्तांच्या बैठकीत आली आहे. सूचना करणाऱ्यांचा भाव शुद्ध आहे. १९८६ साली माझाही होता. माझा तिला विरोध आहे, आणि तो येथे कारणासह नोंदवितो. टिटॅनियमचा पांढरा काही क्षणांत सारे झाकील, आणि खाली जे आज दिसते तेही जाईल. कारण पांढरा पारदर्शक झाल्यामुळे त्याच्याखालचे मूळ तांबडे रेखाटन उघडे पडले आहे. त्या अनाम चित्रकाराने मुख्य शिखर प्रथम थोडे डावीकडे काढले होते, मग ते उजवीकडे सरकविले. एका यात्रेकरूचा उचललेला पाय दोनदा काढला आहे. पट शाबूत असताना या गोष्टी कोणाला कधीच दिसल्या नसत्या. याचा अर्थ मी केले ते बरे केले, असा कृपया कोणी घेऊ नये.

गेल्या पावसाळ्यात पटाची तांबड्या खारव्याची किनार जीर्ण झाली, म्हणून मीच दुकानात बसून तिचे टाके उसवले. किनारीच्या दुमडीखाली दीड बोट रुंदीची पट्टी वॉर्निशच्या ब्रशापासून वाचली आहे. तिच्यात पायथ्याशी निघालेले दोन यात्रेकरू आहेत, एक पुढे, एक मागे, आणि दोघांचीही वस्त्रे पांढरी शुभ्र आहेत. नवी किनार लावताना ती पट्टी उघडी ठेवली आहे. येत्या कार्तिकी पौर्णिमेला पट मंदिरात लागेल, तेव्हा डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पाहावे.